दहाचा घन नऊ कसा झाला?



सुरुवातीलाच कबूल करून टाकते, मी कॉन्व्हेंटची. घरात मराठी आणि शाळेत इंग्लिश, असे दोन दगडांवर पाय ठेवून बारावीपर्यंत आले. त्यामुळे मराठी विभागाकडून 'काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत' असा निरोप आला तेव्हा पोटात गोळाच आला. हा लेख माझ्या रूममेटने दोनदा तपासला आहे. ती लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, संस्कृतात पैकीच्या पैकी. तरीही कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ती चूक माझी, तिची नव्हे.

विषय सांगते. प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत आणि भाषांच्या नियमावल्यांत गणिताच्या खुणा कशा छापतात? कुठलं अक्षर तिरपं, कुठलं जाड, कुठला आकडा वर, कुठला खाली? झोप आली ना? मलाही आली असती. पण याच गोष्टीमुळे पहिल्या वर्षी माझे प्रॅक्टिकलचे मार्क गेले, आणि यंदा आमच्या मजल्यावरची एक मुलगी बॅग भरून घरी निघाली होती. म्हणून लिहितेय.

माझी फजिती

आपल्या हॉस्टेलवर 'सी' भाषेच्या नोट्सचा एक गठ्ठा आहे. आजीच्या गोधडीसारखा. प्रत्येक बॅच त्याला आपलं एक ठिगळ लावते. कुणीतरी कधीकाळी पुस्तकातून उतरवल्या, कुणी टाइप केल्या, मग झेरॉक्सची झेरॉक्स, आणि आता त्याची पीडीएफ मोबाईलवर फिरते. त्यात घन काढायचं सूत्र होतं. मूळ पुस्तकात तीनचा आकडा वर, छोटासा छापलेला असणार. टाइप करणाऱ्याला तो वर चढवता आला नाही. मग त्याने आपण सगळेच करतो तेच केलं, मध्ये टोपी घातली: क्ष^३.

(क्ष म्हणजे एक्स. मी एक्स लिहिलं होतं, रूममेटने खोडून क्ष केलं. तिच्या वडिलांच्या वेळच्या बीजगणितात क्ष आणि य असायचे म्हणे.)

प्रॅक्टिकलला प्रश्न आला: एक ते दहा आकड्यांचे घन छापा. मी नोट्समधलं सूत्र जसंच्या तसं टाकलं. एकही एरर नाही! खूश होऊन रन केलं तर पडद्यावर आलं: २, १, ०, ७, ६, ५, ४, ११, १०, ९. बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर चष्मा वर करून म्हणाले, "दहाचा घन नऊ? आणि तीनचा घन शून्य?" मी म्हटलं, "सर, मशीन खराब आहे." पुढचं सांगत नाही!

मशीन ठणठणीत होतं. 'सी'मध्ये टोपीचा अर्थ घात नाही, एक्सॉर. दोन्ही आकडे बायनरीत लिहायचे, एकाखाली एक मांडायचे. जिथे अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ०. दहा म्हणजे १०१०, तीन म्हणजे ००११, एक्सॉर केलं की १००१, म्हणजे नऊ. तीन आणि तीन तर सगळीकडे सारखेच, म्हणून शून्य. मशीनने चोख काम केलं होतं. नोट्स टाइप करणाऱ्या सिनियरचंही फार चुकलं नव्हतं, बेसिक भाषेत टोपीचा अर्थ घातच असतो. चुकलं एवढंच की टोपी कुठल्या भाषेतली आहे, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गणित चढतं-उतरतं, टाइपरायटर सरळ चालतो

गणित हे हाताने लिहायचं शास्त्र. त्यात आकडा वर चढतो, खाली उतरतो, अपूर्णांकात एकाच्या डोक्यावर दुसरा बसतो. छापखान्यांनी या लिखाणाला शिस्त लावली. इंग्लिशमध्ये छापलेलं गणिताचं पुस्तक उघडा: चलाचं अक्षर तिरपं असतं, पण 'साइन'ची तीन अक्षरं सरळ. का? कारण तीन तिरपी अक्षरं शेजारीशेजारी आली तर वाचणारा त्यांना तीन चलांचा गुणाकार समजेल. म्हणजे अक्षराचा तिरपेपणा हा दागिना नाही, तो अर्थ आहे. आता यासाठी आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ ८००००-२. चल तिरपे, 'साइन'सारखी ठरलेली फलनं आणि पायसारखे स्थिरांक सरळ, असं त्यात स्पष्ट सांगितलंय.

कॉम्प्युटर आले आणि गाडं इथेच अडलं. आयबीएमची फोरट्रान १९५७ साली आली. तिचं नावच मुळी 'सूत्रांचं भाषांतर' या इंग्लिश शब्दांवरून. पण प्रोग्राम जायचा पंच केलेल्या कार्डांवरून, आणि कार्डावर आकडा वर चढवायची सोय नव्हती. म्हणून घातासाठी दोन चांदण्या आल्या: . त्या वेळच्या यंत्रावर 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' या खुणासुद्धा नव्हत्या, म्हणून पुढे फोरट्रान-४ मध्ये .एलटी. आणि .जीटी. अशी दोन टिंबांत धरलेली अक्षरं वापरायला लागली. गणिताने यंत्रापुढे मान तुकवली ती अशी.

एका टिंबावरून भांडण

आता गंमत ऐका. मे १९५८ च्या अखेरीस झुरिकमध्ये आठ जण जमले, चार अमेरिकेकडून, चार युरोपकडून. काम काय, तर सगळ्या जगाला चालेल अशी एक प्रोग्रामिंग भाषा ठरवायची. हीच पुढे अल्गॉल झाली. मोठमोठे प्रश्न सुटले आणि बैठक अडली कशावर? दशांश चिन्हावर! अमेरिकेत आपल्यासारखंच टिंब देतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी स्वल्पविराम. युरोपकडच्या एका सदस्याने म्हणे टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की दशांशासाठी टिंब मी कदापि वापरणार नाही. आपल्या मेस कमिटीची मीटिंग परवडली!

तोडगा काढला अमेरिकेच्या जोसेफ वेगस्टीन यांनी, आणि तो मला फार आवडतो. ते म्हणाले, भाषा एक पण रूपं तीन ठेवू. पहिलं संदर्भ-रूप, व्याख्या यातच लिहायची, वाद झाला तर हेच प्रमाण. दुसरं प्रकाशन-रूप, पुस्तकात, लेखात छापताना वापरायचं, इथे आकडा वर चढवा, खाली उतरवा, ग्रीक अक्षरं घ्या, आपापल्या देशाची पद्धत पाळा. आणि तिसरं यंत्र-रूप; ज्याच्या मशीनवर जी बटणं असतील त्यांनी काम भागवायचं. अट एकच, तिन्ही रूपांत अर्थ तोच राहिला पाहिजे.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला पुढची बैठक झाली आणि डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी संपादित केलेला अल्गॉल ६० चा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. संदर्भ-रूपात घातासाठी वर जाणारा बाण ↑ होता, गुणाकाराला × आणि पूर्णांकी भागाकाराला ÷. छापताना बाण काढून आकडा सरळ वर चढवायची मुभा होती. ओळीतल्या घटकाचा क्रमांक संदर्भ-रूपात चौकटी कंसात. छापताना तो खाली उतरवून लहान लिहायचा. माझ्या नोट्समध्ये जे गुपचूप आणि चुकीचं झालं, तेच या लोकांनी उघडपणे, नियम करून केलं होतं.

जाड अक्षरांची कहाणी त्याहून भारी. अहवालात 'बिगिन', 'एंड', 'इफ' असे शब्द जाड छापले होते आणि सांगून ठेवलं होतं, की हे शब्द नाहीतच, ती प्रत्येकी एक अखंड खूण आहे. त्यातल्या सुट्या अक्षरांशी तिचा संबंध नाही. म्हणजे जाड 'एंड' ही भाषेची खूण, आणि साध्या अक्षरातला 'एंड' हे तुम्ही एखाद्या चलाला दिलेलं नाव असू शकतं. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदतील. फरक फक्त शाईच्या जाडीचा! पण कार्ड पंच करणाऱ्या मशीनला जाड अक्षर कुठलं? मग अनेक ठिकाणी असे शब्द एकेरी अवतरणचिन्हांत लिहायची पद्धत पडली.

आणि := ही खूण? तीही अल्गॉलचीच. डावीकडच्या नावाला उजवीकडची किंमत द्या, असा तिचा अर्थ. 'क्ष = क्ष + १' असं गणिताच्या बाईंना दाखवलंत तर त्या कान पिळतील. बरोबरीची = ही खूण १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेघांवरून काढली, आणि ती दोन बाजू सारख्या आहेत एवढंच सांगते. अल्गॉलवाल्यांनी हा मान राखला. 'सी'ची पूर्वज असलेल्या बीसीपीएल भाषेतही := च होतं. तिच्यावरून केन थॉम्पसन यांनी 'बी' भाषा केली तेव्हा किंमत देण्याला नुसतं = ठेवलं. डेनिस रिची यांनी नंतर लिहिलंय की हा आवडीचा प्रश्न होता. कुणाच्या तरी आवडीमुळे आज आपण इफच्या कंसात एकाऐवजी दोन बरोबर द्यायला विसरतो आणि रात्रभर चूक शोधत बसतो.

रुमाल आणि प्रवासी

आता त्या मुलीची गोष्ट. यंदाच्या फर्स्ट इयरची, धुळ्याजवळच्या गावातली. इंटर्नलच्या आदल्या रात्री माझ्या दारात उभी, डोळे सुजलेले. "ताई, मी उद्या घरी चाललेय. माझं इंग्लिशच कच्चं आहे. नोट्समध्ये आहे तस्संच टाइप केलं, तरी पंधरा एरर येतात. मला नाही जमणार हे इंजिनियरिंग."

मी तिची वही पाहिली. नोट्समध्ये इफची मांडणी अशी होती, मराठीत उतरवते: इफ (अट) विधान [एल्स विधान]. तिने चौकटी कंसासकट टाइप केलं होतं. 'आहे तस्संच'. तिची चूक कुठे होती? 'इफ' आणि गोल कंस टाइप करायचे आणि 'अट', 'विधान' नाही करायचे, हे तिने ओळखायचं कसं? आणि चौकटी कंस म्हणजे 'हे असलं तर असलं, नसलं तरी चालेल', हे तिला स्वप्नात दिसणार होतं का? त्यातून 'सी'मध्ये अ‍ॅरेसाठी चौकटी कंस खरेखुरे टाइप करावे लागतात, तो आणखी घोळ.

मी तिला एसटीचं उदाहरण दिलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो की नाही? रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे. रुमालाच्या जागी नंतर खरा माणूस येऊन बसतो. 'अट' आणि 'विधान' हे रुमाल आहेत. 'इफ' हा खरा प्रवासी. कंडक्टर रुमालाला तिकीट देत नाही, तसा कम्पायलरही देत नाही! ती हसली. तिची ट्यूब पेटली. अर्ध्या तासात प्रोग्राम चालला.

भाषेच्या प्रत्येक नियमावलीत ही अडचण असतेच. कारण एकाच कागदावर दोन भाषा असतात, जिचं वर्णन करायचं ती आणि जिच्यात वर्णन करतोय ती. मध्ये भिंत घातली नाही तर दोन्हींची खिचडी होते. फोरट्रानवाल्या जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये यासाठी एक लेखनपद्धत मांडली, आणि नाउर यांनी ती नीटस करून अल्गॉलच्या अहवालात वापरली. रुमालांभोवती टोकदार कंस < >, 'म्हणजे' यासाठी ::=, 'किंवा' यासाठी उभी रेघ. आपण अभ्यासतो ते बीएनएफ हेच. दोघांच्याही नावाने ते ओळखलं जावं, असं डोनाल्ड क्नुथ यांनी १९६४ मध्ये सुचवलं.

टोकदार कंसांनी पान काटेरी दिसतं, म्हणून पुढे बऱ्याच जणांनी ही भिंत टाइपच्या वळणाने बांधली. 'सी'चं मानक १९८९ साली मंजूर झालं. त्यात रुमाल तिरप्या अक्षरात, खरे प्रवासी जाड अक्षरात, आणि 'असलं तर' हे सांगायला शब्दाच्या पायाशी छोटंसं 'ऑप्ट'. जावाच्या नियमावलीत रुमाल तिरपे आणि प्रवासी टाइपरायटरसारख्या समान रुंदीच्या अक्षरात. पान देखणं दिसतं. पण ते पान साध्या मजकुरात उतरवलं, कॉपी-पेस्ट केलं, की भिंत जमीनदोस्त! पायाशी असलेलं 'ऑप्ट' शब्दाला चिकटून भलताच शब्द तयार होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर उलटीच तऱ्हा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की ते चांदण्या गिळतं आणि शब्द जाड करतं. पॉइंटरच्या चांदण्या पाठवताना सांभाळा!

हे ओळखलं होतं पास्कल भाषा करणाऱ्या निक्लाउस विर्थ यांनी. १९७७ मध्ये त्यांनी एक छोटं टिपण लिहिलं. प्रत्येक जण व्याकरण लिहायची वेगळी तऱ्हा काढतो, ती विविधता कशाला, असा त्यांचा सवाल. त्यांचा उपाय अगदी साधा: जे खरोखर टाइप करायचं ते अवतरणचिन्हांत घाला. मग अक्षर तिरपं असो, सरळ असो, झेरॉक्स पुसट असो, अर्थ टिकतो. चौकटी कंस उघडे दिसले तर ते 'असलं तर'चे. अवतरणात दिसले तर टाइप करायचे.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाले. सन कंपनीत गाय स्टील यांच्या नेतृत्वाखाली फोर्ट्रेस नावाची भाषा तयार होत होती. साध्या कीबोर्डवर लिहिलेला प्रोग्राम गणिताच्या पुस्तकासारखा कसा छापायचा, याचे नियम तिच्या नियमावलीतच होते. प्रकल्प २०१२ मध्ये थांबला, पण ती छापील पानं पाहिली की खरंच गणित वाचल्यासारखं वाटतं.

पाणिनीने काय केलं होतं

इथपर्यंत लिहून मी रूममेटला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात नवीन काय? पाणिनी वाच." माझं दहावीला फ्रेंच, त्यामुळे तिनेच समजावलं. अडीच हजार वर्षांपूर्वी, केव्हातरी त्या सुमाराला, पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बांधलं, तेही संस्कृतातच. पुन्हा तीच अडचण, दोन्ही भाषा एकच! त्याने भिंत घातली विभक्तींची. सूत्रात षष्ठी आली तर 'याच्या जागी', प्रथमा म्हणजे 'हे येतं', सप्तमी म्हणजे 'हे पुढे असताना', पंचमी म्हणजे 'याच्यानंतर'. नेहमीच्याच विभक्ती, पण सूत्रात त्यांचा ठरलेला तांत्रिक अर्थ. शिवाय काही वर्ण फक्त खुणेसाठी, काम झालं की गळून जाणारे. त्यातले खुणेचे स्वर नाकातून उच्चारायचे. जाड-तिरपं अक्षर नव्हतं, म्हणून आवाजालाच वळण दिलं!

आणि पुढे काय झालं? लिखित प्रतींमध्ये तो नाकातला उच्चार दाखवायचा राहून गेला. कुठला स्वर नाकातला, हे मग गुरूकडूनच कळायचं. मला तर आपल्या झेरॉक्सचीच आठवण झाली. बीएनएफला पाणिनीचंही नाव जोडावं, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका पत्रातून सुचवलं होतं. नाव काही बदललं नाही, पण सुचवणारा भारतीय नव्हता याची मला गंमत वाटते.

खुणांचं पान

मुद्दा एवढाच की खुणा ही कुणीतरी ठरवलेली गोष्ट असते. ती उपजत कळत नाही, सांगावी लागते. चांगल्या नियमावलीत सुरुवातीलाच एक प्रकरण असतं, 'या पुस्तकातल्या खुणा'. आपण ते प्रस्तावना समजून उलटून टाकतो आणि नोट्स काढताना तर पहिलं तेच गाळतो. मग गुरूकडून कळण्यासारखं उरतं, आणि ज्याचा सिनियरशी परिचय नाही त्याला ते कधीच कळत नाही. त्या मुलीला वाटलं, आपलं इंग्लिश कच्चं. अगं, माझं इंग्लिश पक्कं होतं, तरी माझा दहाचा घन नऊच आला ना!

म्हणून या सुट्टीत मी आणि रूममेट तो गठ्ठा नव्याने टाइप करतोय. पहिल्या पानावर खुणांचा तक्ता असेल. जे टाइप करायचं ते अवतरणचिन्हांत. आकडा वर चढवता आला नाही तर शेजारी शब्दांत 'घात' लिहायचं, टोपी घालायची नाही. हा लेखसुद्धा छापून येताना तिरपं अक्षर टिकेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी सगळीकडे अवतरणचिन्हंच दिलीत. धुळ्याची मैत्रीण तपासायला बसणार आहे. तिला सांगितलंय, तुला जिथे प्रश्न पडेल तिथे आमचं काहीतरी लिहायचं राहिलंय असं समज. पहिल्याच दिवशी तिने सात प्रश्न काढले, आणि सातही बरोबर होते.

ज्यांच्याकडे जुन्या प्रती असतील त्यांनी कृपया दुसऱ्या मजल्यावर आणून द्या. आणि तोपर्यंत, दहाचा घन हजारच असतो बरं का!